आत्याबाईंचं वाचन

"या महिन्याचा अंक आणू नका," मी ह्यांना म्हटलं.

हे आरशासमोर उभे राहून टोपी नीट करत होते. "कुठला अंक?"

"'चंद्रज्योत'. वाचनालयातून आणता तो."

"का, काय झालं?"

"काही झालं नाही. हल्ली वाचण्यासारखं काही नसतं त्यात."

"मग ते आईला सांग. माझ्यात नाही तेवढी हिंमत," असं म्हणून वहाणा पायात सरकवून हे दुकानात निघून गेले.

सांगते कसली, कपाळ. ह्यांची आई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या बार्शीकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा, म्हणून मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका त्या मासिकाकडं डोळे लावून बसायच्या, आणि त्यांना ते वाचून दाखवायच्या आत्याबाईच. उन्हाळा लागला की दुपारी आमच्या माजघरात पापड लाटायला बायका जमायच्या, आज एकीचे, उद्या दुसरीचे. जिनं तिनं आपापलं पोळपाट-लाटणं आणायचं. आत्याबाई मात्र खांबाला टेकून कोरड्या हातांनी बसायच्या. लाटणारीचे हात तेलाचे, तिनं कागदाला शिवायचं नाही, आणि वाचणारीनं पिठाला शिवायचं नाही, असा नियमच होता. त्यांची शाळा मराठी चौथीपर्यंत झालेली. पण वाचायला लागल्या की गोष्टीतली म्हातारी म्हातारीसारखी बोलायची आणि सावकार सावकारासारखा, आणि हातातली लाटी हातातच राहायची.

त्यांचा आणखी एक नेम होता. अंक घरात आला तरी त्या आधी उघडायच्या नाहीत. "आधी वाचून ठेवलं की आवाज खोटा निघतो," म्हणायच्या. "पुढं काय होणार ते मला ठाऊक असलं, तर तुम्हाला कशाला ऐकायचंय?" त्यामुळं पहिल्यांदा वाचायच्या त्या सगळ्यांच्या देखतच.

आता माझं दुखणं सांगते. त्या मासिकात 'दुपारची गाडी' नावाची दोन भागांतली गोष्ट चालू होती. खाली नाव छापलेलं, रेवती शेलार. ही रेवती शेलार कोण हे जगात दोघींनाच माहीत होतं. एक माझी पुण्याची मैत्रीण कुमुद, जिच्या पत्त्यावर संपादकांचा पत्रव्यवहार चालायचा, आणि दुसरी मी.

चोरून लिहायची हौस नव्हती मला. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी कौतुकानं सांगितलं होतं, मुलीला कॉलेजात कथालेखनाचं बक्षीस मिळालंय म्हणून. मामा तंबाखू मळत होते. म्हणाले, "आमच्या घरात बायकांचं नाव लग्नपत्रिकेत छापतात. तेवढं पुरे." बोलणं तिथंच संपलं. वडिलांनी विषय बदलला आणि मी मान खाली घातली. पण खाज काही जात नाही. बाळ झोपलं की मी 'वडिलांना पत्र लिहिते' म्हणून वरच्या खोलीत जाऊन बसायची. आत्याबाई खालून हाक मारायच्या, "अगं, पत्र आहे का पोथी?"

नुसतं लिहिलं म्हणून कुणी मला फाशी दिलं नसतं. मामा आठ दिवस बोलले नसते, शाई-कागद बंद झाला असता, आणि मी आतल्या आत वाळून गेले असते, इतकंच. पण मी जे लिहिलं होतं ते फार वाईट होतं. म्हणजे चांगलं होतं, तोच घोटाळा होता.

माझी आई लवकर गेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. आत्याबाईंनी केलं ते, पोटच्या मुलीचं करावं तसं. एका सकाळी बाजेखाली शेक देत होत्या. मी रडत होते. कारण काही नव्हतं, बाळंतिणीला कुठं कारण लागतं. त्या म्हणाल्या, "रडून घे. मी तर निघूनच चालले होते एकदा."

"कुठं?"

"कुठं कशाला? निघून. ह्यो तुझा नवरा दोन वर्षांचा होता. त्याला जावेच्या मांडीवर दिलं, म्हटलं देवळात जाऊन येते. बोचकं बांधलं असतं तर दारातच कुणी तरी विचारलं असतं. म्हणून मग दोन लुगडी नेसले, एकावर एक. वैशाखाचा महिना. तशी गेले स्टेशनावर, छोट्या गाडीच्या. दुपारभर बसले."

"मग?"

"मग काय. आले दिवेलागणीला. भगवंताच्या देवळात कीर्तन होतं म्हणून सांगितलं. कुणाला कळलं नाही आजतागायत." शेगडीवर ओवा टाकला आणि म्हणाल्या, "तू पण नको बोलूस कुठं."

मी बोलले नाहीच. लिहिलं.

नावं बदलली. आत्याबाईंची यमुना झाली, बार्शीचं भलतंच गाव झालं. मामांच्या जागी दारू पिऊन मारणारा नवरा घातला, म्हणजे कुणाला त्यांची आठवण यायला नको. जाऊ खाष्ट केली. सगळं बदललं, पण ती दोन लुगडी बदलवेनात. कितीदा खोडून ट्रंक लिहिली, पिशवी लिहिली. पिशवी लिहिली की गोष्ट मरायची. वैशाखातल्या उन्हात दोन लुगडी नेसून चाललेली बाई एकदा डोळ्यांसमोर आली की तुम्ही लिहिणारे असा नाहीतर नसा, ती हलत नाही. शेवटी राहू दिली. म्हटलं, कोण छापतंय. आणि छापली.

पहिल्या भागाचं वाचन महिन्यापूर्वी झालं होतं. त्यात नुसता यमुनेचा छळ होता. शेजारच्या शेवंताकाकूंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण ऐकायची भूक दांडगी. त्या नवऱ्याला लाटण्यानं धमकावत होत्या. "मुडदा बशिवला त्याचा. आगं, पुढच्या टायमाला ती काय करती गं?"

"मला काय ठाऊक," आत्याबाई म्हणाल्या. "पण बाई लिहिते झकास."

मी त्या दिवशी आनंदानं असे पातळ पापड लाटले की आरपार दिसावं. मग एकेक दिवस गेला तशी त्या आनंदाची भीती झाली. दुसरा भाग येणार होता. तो आत्याबाई स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांच्या देखत वाचणार होत्या. आणि ती दोन लुगडी आम्हा दोघींशिवाय कुणालाही माहीत नव्हती.

ह्यांनी अंक आणलाच. दुपारी जेवायला आले तेव्हा पिशवीतून मीच काढून घेतला, पाळण्यात बाळाच्या दुपट्याखाली सारला. म्हटलं, आजचा दिवस तरी निभावेल. तोवर आत्याबाईंनी नातवाला उचललं.

"हे काय गं? पोराला आत्तापासून वाचायला बसवलंस?"

"पडला असेल त्यात."

"उडून पडला?" अंक झटकून त्यांनी कोनाड्यात ठेवला. उघडून बघितला नाही. तो नेम.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आता सांगितलं तर निदान एकांतात सांगितल्यासारखं होईल, असं वाटलं. "आत्याबाई, मला एक बोलायचं होतं तुमच्याशी."

"बोल की."

"या गोष्टीबद्दल, म्हणजे..."

दारातून शेवंताकाकूंचा आवाज आला, "पिठाचं झालं का न्हाई? बायका आल्या हायत."

"संध्याकाळी सांग," आत्याबाई म्हणाल्या, आणि चष्मा शोधायला गेल्या.

त्या दिवशी नेमक्या प्रमिलाबाई मास्तरीण आल्या होत्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या, सुट्टी होती, म्हणून पोळपाट घेऊन हजर. या बाईंना वाचता यायचं, एवढंच नाही, वाचलेल्याचा अर्थ लावायची खोड होती. कुठल्या गोष्टीत कुठल्या घरचं लग्न लपलंय हे त्या चटकन ओळखायच्या आणि चार घरी पोचवायच्या. मी त्यांना बघितलं आणि पोळपाट उचलून लांबचा कोपरा धरला.

आत्याबाई खांबाला टेकल्या. "मागं कुठवर आलो होतो?"

"नवऱ्यानं ताट भिरकावलं आन ती उपाशी झोपली," शेवंताकाकूंनी एका दमात सांगितलं.

वाचन सुरू झालं. मी कोपऱ्यात लाट्या करत होते. मला प्रत्येक ओळ पाठ होती. त्यांच्या तोंडून वाक्य निघायच्या आधी ते माझ्या ओठांवर यायचं, आणि मी ओठ मिटून घ्यायची. यमुना सकाळी उठली. सडा घातला. पोराला दूध पाजून जावेकडं दिलं. "'देवळात जाऊन येते,' यमुना म्हणाली," आत्याबाईंनी वाचलं, आणि त्यांचा आवाज किंचित, अगदी किंचित अडखळला. देवळात काय, कुणीही जातं. त्या पुढं गेल्या.

"यमुनेनं खोलीचं दार लोटलं. ट्रंक उघडली. बोचकं बांधावं, तर दारातच कुणी तरी विचारणार, कुठं निघालीस म्हणून..."

आणि त्या थांबल्या.

पुढची ओळ अशी होती, 'तिनं एक लुगडं नेसलं आणि त्याच्यावर दुसरं.' ती माझ्या ओठांपर्यंत आली होती. त्यांच्या येईना. लाटणी चालू होती, पोळपाटांचा खडखड आवाज होता. आत्याबाईंची नजर पानावर खिळली होती. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. पुन्हा तीच ओळ बघितली असावी.

"काय झालं?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "अक्षर पुसट आलंय का? आणा इकडं, मी वाचते."

"पुसट नाही. घसा बसला." माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सूनबाई, पाणी दे."

सूनबाई. त्या मला नेहमी नावानं हाक मारायच्या.

मी तांब्या-भांडं आणलं. सगळं पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी भांडं खाली ठेवलं, अंक डोळ्यांसमोर धरला आणि वाचलं, "तिनं ट्रंक परत लावून टाकली. म्हणाली, या घरातलं मला काहीही नको. आणि नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडली."

हे वाक्य माझं नव्हतं.

मी लाटी चेपली ती चेपतच राहिले. आत्याबाई वाचत होत्या. त्यांची नजर ओळीवरून डावीकडून उजवीकडं चालत होती, बोट कडेनं खाली उतरत होतं, आणि तोंडातून जे येत होतं त्यातला एक शब्दही त्या कागदावर नव्हता. माझी यमुना स्टेशनाच्या रस्त्यानं रडत गेली होती. चांगलं अर्धं पान रडवलं होतं मी तिला. ही यमुना चौकात थांबून उसाचा रस प्यायली.

"बरं केलं बाई," शेवंताकाकू म्हणाल्या. "उन्हाचं डोस्कं फिरलं असंल."

"भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, आणखी एक द्या," आत्याबाईंनी वाचलं, आणि बायका हसल्या.

माझ्या गोष्टीत इथं कुणी हसत नव्हतं. मला त्या क्षणी भीती वाटत होती ती माझी नव्हे. लिहिणं सुटेल, मामा बोलतील, हे सगळं कुठल्या कुठं गेलं. मला एवढंच वाटत होतं की आता आत्याबाईंनी अडखळू नये. दोन ओळींच्या मध्ये एक श्वास जास्त झाला तरी प्रमिलाबाई मान वर करायच्या. अशा वेळी मी मुद्दाम लाटणं आपटायची, पीठ संपलं म्हणायची, काहीतरी करायची. आत्याबाईंनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. वेळ आली तसं त्यांनी बरोबर पान उलटलं.

त्यांची यमुना स्टेशनात शिरली. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, कुठं जायचं? ती म्हणाली, ही गाडी कुठवर जाते? तो म्हणाला, कुर्डुवाडीपर्यंत. आणि तिथून पुढं? तिथून पुढं मोठी गाडी, ती जगभर जाते. "मग तिथवरचं द्या," यमुना म्हणाली. डब्यात एक पेरूवाली पाटी घेऊन बसली होती. तिनं पाटी पायांत ओढून घेतली आणि म्हणाली, ये बस. कुठली, कोण, काही विचारलं नाही. गाडी हलली. देवळाचा कळस दिसत होता, मग झाडांच्या आड गेला.

"आणि गाडी निघाली," आत्याबाई म्हणाल्या. अंक मिटला. "संपली गोष्ट."

सगळी लाटणी थांबली होती. शेवंताकाकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात तेलाचे म्हणून त्या दंडाला डोळे पुसत होत्या. "गेली की गं," एवढंच म्हणाल्या. "खरंच गेली."

मला हेवा वाटला. खोटं कशाला सांगू, एवढी भेदरलेली असूनही वाटला. मी चार महिने घासून लिहिलं होतं, आणि या बाईनं पाण्याचं भांडं खाली ठेवायच्या आत त्याहून चांगलं रचलं होतं.

प्रमिलाबाईंनी मात्र भुवया वर केल्या होत्या. "हे असं छापलंय त्यांनी? 'चंद्रज्योत'मध्ये? आणि तिचा मुलगा? त्याचं काय झालं?"

"जावेपाशी होता की."

"म्हणजे आई मुलाला टाकून गेली, आणि त्याच्याबद्दल एक ओळ नाही? लिहिणारी बाईच आहे ना? बघू दे मला तो शेवट."

"हात बघा तुमचे. वाचनालयाचा अंक आहे."

"धुऊन येते," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि खरंच उठून मोरीकडं गेल्या.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या तशाच बसल्या होत्या, अंक मांडीवर. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. "सूनबाई, पोराला इकडं दे," त्या म्हणाल्या. मी बाळाला पाळण्यातून उचललं. दुपटं ओलं होतं, ते नेहमीच असायचं. आत्याबाईंनी नातवाला मांडीवर घेतलं, अंक त्या दुपट्यात चांगला गुंडाळला आणि प्रमिलाबाई पदराला हात पुसत परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "घ्या. पण सांगून ठेवते, आत्ताच भिजवलाय यानं."

प्रमिलाबाईंचा पुढं आलेला हात मागं गेला. "राहू दे. वाचनालयात वाचीन मी."

"वाचा की," आत्याबाई म्हणाल्या. "पण प्रत एकच येते त्यांच्याकडं. हा आता परत कुठल्या तोंडानं द्यायचा, हा माझ्यापुढं प्रश्न आहे."

बायका हसल्या, बाळाला पापी म्हणाल्या, आणि पुन्हा लाटायला लागल्या. पापड वाळवणीवर टाकून सगळ्या घरी जाईपर्यंत माझा जीव टांगणीला होता. त्यानंतरचा वेळ मला जास्त वाईट गेला, कारण आत्याबाई बोलेनातच. खाट झाडली, तुळशीला पाणी घातलं, मामांचे कपडे घड्या करून ठेवले. मी मागं मागं फिरत होते. ओरडल्या असत्या तरी चाललं असतं.

दिवेलागणीला मी चहाचं आधण ठेवायला गेले, तर त्या चुलीपुढं बसलेल्या. 'चंद्रज्योत' मांडीवर. वाचत होत्या. शेवटची ओळ वाचून झाली तसं एक पान फाडलं आणि चुलीत सारलं. मग दुसरं. 'दुपारची गाडी' हे नाव वाकडं होऊन काळं पडताना मी बघितलं. माझी पहिली मोठी गोष्ट ती. मी दाराची चौकट धरली.

ओसरीवरून मामा खोकले. "काय जळतंय गं?"

"कागद."

"कसले?"

"तुमच्या नातवानं घाण केलेले. वाचनालयात सांगा, अंकाचे पैसे भरून देतो म्हणून."

मामा काही तरी पुटपुटले. आत्याबाईंनी तिसरं पान घातलं. मग हळू आवाजात, चुलीकडंच बघत म्हणाल्या, "किती जणींना सांगितलंस?"

"कुणालाच नाही, आत्याबाई. शप्पथ. एका माणसालाही सांगितलं नाही."

"नुसतं छापलंस."

मला रडू फुटलं. त्यांनी फुंकणी उचलली, जाळ केला. "आवाज नको. बाहेर ऐकू जाईल." मग म्हणाल्या, "शेलार कोण?"

"कुणीच नाही. सुचलं ते घेतलं."

"हं." त्यांनी चौथं पान जाळात सरकवलं. "मला कुणी मारलं नव्हतं गं. तुझे मामा तोंडानं फाटके, पण हात नाही उचलला त्यांनी कधी. आणि माझी जाऊ तर देवमाणूस होती, तिला काय काय म्हटलंयस तू."

"ओळखू येऊ नये म्हणून."

"तेवढ्यासाठी?"

"आणि..." मी नाक पुसलं. "बाई घर सोडून निघाली, तर काही तरी कारण लागतं ना. नाहीतर वाचणाऱ्याला पटत नाही. तुम्ही का निघाला होतात?"

"सकाळी उठले, सडा घातला आणि वाटलं, जावं. बस."

"एवढंच?"

"एवढंच. तुझ्या वाचणाऱ्याला नाही पटलं, तर त्याला मी काय करू?"

चहाचं आधण उकळून उकळून अर्धं झालं होतं. मला खरं म्हणजे एकच विचारायचं होतं, आता मी लिहायचं की नाही. पण तोंडातून भलतंच निघालं. "आणि परत का आलात? ह्यांच्यासाठी ना? पोराची आठवण आली म्हणून?"

गोष्टीत मी तसंच लिहिलं होतं. गाडी समोर येते आणि यमुनेला कुणाचं तरी मूल रडताना ऐकू येतं, मग ती वळते. संपादकांनी कुमुदच्या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं, शेवट अत्यंत हृद्य उतरला आहे म्हणून.

आत्याबाई पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसल्या. "लग्नसराई होती. गाडीला मरणाची गर्दी. दारात माणसं लोंबत होती. आणि मी त्या दोन लुगड्यांत शिजून निघालेली. म्हटलं, आज नको, उद्या जाऊ."

"मग उद्या?"

"उद्या नणंदेकडचे पाहुणे आले. ते चार दिवस राहिले. मग पापड काढले."

या बाईबद्दल मी चाळीस पानं लिहिली होती.

शेवटचं पान त्यांच्या हातात होतं, यमुना परत येऊन देवापुढं दिवा लावते ते. त्यांनी ते लगेच चुलीत घातलं नाही. दिव्याकडं धरलं, पुन्हा एकदा वाचलं. मी धीर करून विचारलं, "आत्याबाई, मी लिहिणं सोडून देऊ का?"

त्यांनी पान दुमडलं, चुलीच्या तोंडाशी धरलं, आणि कुठलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाल्या,

"मला एक सांग. माझी गाडी भरलेली होती, म्हणून मी आले माघारी. तुझ्या गाडीत तर जागाच जागा होती. मग तू तिला कशाला परत आणलीस?"